बॉस्टनच्या वस्त्यांची इंग्रजी नावे : गावाची आठवण की सत्तेची खूण?

नदीकाठ (धागाकर्ती)

गेली अकरा वर्षे मी बॉस्टनच्या डॉरचेस्टर भागात राहते. नव्याने आलेल्या मराठी मंडळींना इथली नावे समजावताना आपण सहज सांगतो की, इंग्लंडहून आलेल्या माणसांना घराची ओढ होती, म्हणून त्यांनी आपापल्या गावांची नावे इथे ठेवली. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते.

तेव्हाच्या जुन्या कालगणनेनुसार ७ सप्टेंबर १६३० रोजी इथल्या इंग्रज वसाहतीच्या कारभारी मंडळाने चार्ल्सटाउनच्या बैठकीत एकाच आदेशाने ठरवले की, ट्रायमाउंटनला बॉस्टन म्हणावे, मॅटापॅनला डॉरचेस्टर म्हणावे आणि चार्ल्स नदीकाठच्या गावाला वॉटरटाउन म्हणावे. मूळ बॉस्टन इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातले, मूळ डॉरचेस्टर डॉर्सेट परगण्यातले. ट्रायमाउंटन हे नावही तीन टेकड्यांवरून इंग्रजांनीच दिलेले होते. इथल्या मूळ रहिवासी मॅसॅच्युसेट लोकांसाठी ते भूशिर शॉमट होते. त्याही आधी, १६१६ मध्ये, इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या या किनाऱ्याच्या नकाशावर इंग्लंडच्या युवराज चार्ल्सने मूळ नावांच्या जागी इंग्रजी नावे घातली. त्यांतले प्लिमथ आजही टिकून आहे, आणि तिथे वस्ती करणारे इंग्रज मात्र १६२० मध्ये आले. जिथे नाव आधी पोहोचले आणि माणसे मागाहून आली, तिथे घराच्या ओढीचे कारण कसे लागू पडेल?

आपल्याकडे गाव सोडलेला माणूस गावाचे नाव आडनावात घेऊन जातो. साताऱ्याहून निघालेला सातारकर होतो, पण जिथे जाईल त्या गावाला तो सातारा म्हणत नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. माझी मागणी एवढीच आहे की, इथल्या स्थानकांच्या आणि चौकांच्या पाट्यांवर इंग्रजी नावाशेजारी मूळ नावही लिहिले जावे.

जुनी वाट

आपली तळमळ मी समजू शकतो, परंतु निष्कर्षाशी सहमत नाही. युवराजाने नकाशावर लिहिलेल्या नावांपैकी बहुतेक पुसली गेली, कारण त्यांच्यामागे माणसे नव्हती. डॉरचेस्टरमागे होती. इंग्लंडमधल्या डॉरचेस्टरचे धर्मोपदेशक जॉन व्हाइट यांनी खटपट करून १६३० मध्ये लोकांना ‘मेरी अँड जॉन’ या जहाजाने इकडे पाठवले होते. त्यांच्यापैकी अनेक जण पाचसहा वर्षांतच कनेटिकट नदीकाठी स्थलांतरित झाले आणि त्यांनी त्या नव्या वस्तीलाही प्रथम डॉरचेस्टरच म्हटले. १६३७ मध्ये तिचे विंडसर झाले. एकच नाव दोनदा उराशी धरून नेणाऱ्या माणसांच्या मनात घर नव्हते, असे आपण कसे म्हणू शकता?

ब्रायटनचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. पूर्वी ‘लिटल केंब्रिज’ म्हणून ओळखली जाणारी ही वस्ती १८०७ मध्ये स्वतंत्र गाव झाली, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला ३१ वर्षे होऊन गेली होती. इंग्लंडच्या राजाचा कोणताही हुकूम नसताना लोकांनी पुन्हा इंग्रजी नावच घेतले.

नदीकाठ

घर त्यांच्या मनात होते, हे मी मान्य करते. माझ्या मांडणीत तो भाग मी फार लवकर बाजूला सारला. परंतु विंडसरच्या जागेलाही मॅटिआनक हे नाव होते. ओढ खरी होती म्हणून पुसण्याची कृती खोटी ठरत नाही. ब्रायटनबाबत मी वेगळा अर्थ लावते. त्याच परिसरात, नोनँटम येथे, १६४६ मध्ये जॉन एलियट यांनी मॅसॅच्युसेट भाषेत धर्मोपदेश केला होता. म्हणजे मूळ नाव लिखित नोंदींत होते, जवळ होते, तरीही १८०७ मध्ये गावाला इंग्रजी नाव मिळाले. सवयीने झालेली निवडही एका बाजूचीच असते.

तिसरी बाजू

आपण दोघेही सतराव्या शतकात अडकला आहात. बॉस्टनच्याच रॉक्सबरी भागातल्या डडली चौकाचे नाव ज्या थॉमस डडली यांच्या घराण्यावरून आले, ते वसाहतीचे गव्हर्नर होते आणि १६४१ मध्ये तिथे गुलामगिरीला कायद्याने मान्यता मिळाली, म्हणून ते बदलण्याची मागणी झाली. नोव्हेंबर २०१९ च्या सल्लागार मतदानात संपूर्ण शहराने ती नाकारली. चौकाच्या आसपासच्या मतदारांनी मात्र स्वीकारली, आणि त्याच डिसेंबरात चौक न्यूबियन झाला. जिथे राहतात त्यांचे मत मोजले गेले, हे मला योग्य वाटते. आज डॉरचेस्टरमध्ये व्हिएतनामी, केप व्हर्डी, हैतीयन कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी डॉरचेस्टर हे इंग्लंडचे नाव उरलेलेच नाही, ते त्यांच्या मुलांच्या शाळेचे आणि दुकानाच्या पाटीचे नाव आहे. शिवाय मॅटापॅन ही वस्ती आणि शॉमट हे रेड लाइन या मेट्रो मार्गाचे स्थानक आजही आहे. मग मूळ नावे पुसली गेली, असे कसे?

नदीकाठ

आपण शॉमटचा उल्लेख केलात, तर तोच पाहू. ज्या भूशिरावर आज बॉस्टनचा मध्यभाग उभा आहे, ते शॉमट. आणि शॉमट स्थानक डॉरचेस्टरमध्ये आहे, तिथून काही मैल दक्षिणेला. मॅटापॅन हे ज्या भूमीचे नाव होते, तिचा आता फक्त दक्षिणेकडचा तुकडा त्या नावाने ओळखला जातो. नावे उरली, पण आपल्या जागेवरून हलवली गेली. शेजाऱ्यांचे मत मोजायचे असेल, तर याच राज्यात आजही राहणाऱ्या मॅसॅच्युसेट वंशजांनाही त्या मोजणीत धरावे. डॉरचेस्टर हे नाव मला काढायचे नाही. माझ्याही घरच्या पत्त्यात तेच आहे. त्याखाली दुसरी ओळ असावी, आणि ती कोणत्या शब्दांत लिहायची हे त्या वंशजांनी ठरवावे.