३३५ वॅटचं पॅनल, बॅटरीत जातेत जेमतेम शंभर. बॅटरी बदलू का?

बाळीवेसकर:
नमस्कार मंडळी. सोलापुरात बाळीवेशीत आमचं जुनं घर आहे, वर पत्रा. हौस म्हणून सोलर जोडलंय, सबसिडीबिबसिडी काही नाही, सगळं हातानं. ३३५ वॅटचं पॅनल ओळखीतनं सेकंडहँड मिळालं, मागच्या स्टिकरवर व्हीएमपी (काम करतानाचे व्होल्ट) ३८, आयएमपी (तेव्हाचा करंट) ८.८, व्हीओसी (काही न जोडता मोकळे व्होल्ट) ४६ असं आहे. पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर ३० अँपियरचा, खोक्यावर मोठ्या अक्षरात एमपीपीटी (पॅनलची पूर्ण ताकद ओढणारा प्रकार) छापलंय. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरचीच, १२ व्होल्ट १५० एएच (अँपियर-तास) ट्यूबलर.

आता गंमत बघा, भर दुपारी १२ ला, डोकं भाजणारं ऊन, क्लॅम्प मीटर लावला की बॅटरीकडं ८.२ अँपियर. त्याच्यावर काटा सरकतच नाही. बॅटरी १३ व्होल्टला, म्हणजे हिशोब केला तर शंभरच्या थोडं वर वॅट, मग बाकीचे सव्वादोनशे गेले कुठं? रात्री ८ ला लाइट गेली, दोन साधे फॅन, ९ वॅटचे तीन बल्ब आणि वायफाय चालू ठेवलं की १० ला इन्व्हर्टर कोकलायला लागतो. दुकानदार म्हणतो बॅटरी बाद, नवीन घ्या. घरचे म्हणतेत हे खेळणं भंगारात घाल. पॅनलपासून खाली साधारण १५ मीटर वायर आहे, घरच्या वायरिंगची दीड एमएम. पॅनल पत्र्यावर आडवंच टाकून तारेनं बांधलंय. नेमकं काय बदलू सांगा, सगळंच बदलायला पैसे नाहीत.

गच्चीवरची_ताई:
दादा, राग मानू नका पण हा सगळा खटाटोप कशाला? पीएम सूर्यघर योजनेतून घ्या ना. २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि ३ किलोवॅटला एकूण ७८ हजार सबसिडी मिळते, बॅटरीचं झंझट नाही, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसतो आणि बिल खाली येतं. आम्ही जुळे सोलापुरात बसवलंय.

बाळीवेसकर:
ताई, घर काकांच्या नावावर, हिस्से झालेले नाहीत, मीटर तिसऱ्याच्या नावावर. सह्या गोळा करेपर्यंत माझा मुलगा बसवेल सोलर 😄 आणि मला तर लाइट गेल्यावर फॅन पाहिजे, तुमचं तेव्हा चालतं का?

गच्चीवरची_ताई:
नाही, ते मात्र खरं. लाइट गेली की आमचंही बंद पडतं, भर दुपारी ऊन असताना सुद्धा. पहिल्यांदा झालं तेव्हा आमचे हे चिडलेच होते, मग इंजिनिअरने सांगितलं की पोलवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो.

विजापूर_रोड:
बॅटरी गेली असणार. माझी पण अशीच गेली होती. आणि वायर बदल आधी, दीड एमएमची वायर म्हणजे कायच्या काय. त्यातच निम्मी वीज मरते. ६ एमएम टाक, करंट बघ कसा वाढतो.

रिवाइंडिंगवाला:
थांबा थांबा, एवढ्यात बॅटरीला तिरडीवर नका घेऊ.

बाळीवेसकर, तुझं पॅनल ३८ व्होल्टचं, ७२ सेलवालं. बॅटरी १२ ची. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर काय करतो, पॅनलला सरळ बॅटरीला जोडून टाकतो, मधी फक्त चालू-बंद. त्यामुळं पॅनल ओढलं जातं बॅटरीच्या व्होल्टला. पॅनलचा स्वभाव असा की व्होल्ट खाली ओढलं म्हणून करंट काय वाढत नाही, त्याचे ८-९ अँपियर तेवढेच राहणार. ८ अँपियर ३८ व्होल्टला असते तर तीनशे वॅट, पण तू घ्यायलास १३ व्होल्टला. गेले तुझे सव्वादोनशे. खरा एमपीपीटी असता तर त्यानं वरचे व्होल्ट खाली आणून त्या बदल्यात करंट वाढवून दिला असता.

तू म्हणशील खोक्यावर एमपीपीटी लिवलंय की. अरे बाजारात स्टिकर लावलेले पीडब्ल्यूएम ढिगानं आहेत. आतनं बघ, खऱ्याच्या पोटात तांब्याची जाड कॉईल असते, हातात घेतला तरी वजन कळतं. उघडायचं नसंल तर सोपं आहे, दुपारी चार्जिंग चालू असताना कंट्रोलरच्या पॅनलवाल्या दोन स्क्रूवर मल्टीमीटर लाव. ३० च्या वर दाखवलं तर एमपीपीटी. बॅटरीएवढंच दाखवलं तर तुला टोपी घातली.

आणि विजापूर रोडवाले मालक, वायरीचं तुमचं एरवी बरोबर, पण ह्याच्या केसमधी आत्ता वायर बदलून एक अँपियर वाढणार नाही. दीड एमएमला मीटरला साधारण १२ मिलीओहम धरा, जाऊन येऊन ३० मीटर, ८ अँपियरला तीनेक व्होल्ट पडतेत. पण पॅनलकडं ३८ ची ताकद आहे, तीन व्होल्ट गेले काय आणि राहिले काय, तो कंट्रोलर तसंही वरचे फेकूनच द्यायलाय. एमपीपीटी आला की मग हे तीन व्होल्ट म्हणजे पंचवीसेक वॅट खरंच वाया, तेव्हा ४ एमएमची सोलर डीसी केबल टाक. घरची पीव्हीसी वायर उन्हात तडकते पण.

मालदांडी_मास्तर:
मी मंगळवेढ्याहून लिहितो, शाळेतून निवृत्त, शेतावरच्या खोलीत असंच जोडलं आहे. रिवाइंडिंगवाल्यांचे म्हणणे पटले, पण बॅटरीकडे दुर्लक्ष करू नये. दीडशे एएच बॅटरीला रोज आठच अँपियर म्हणजे अर्धपोटी ठेवणे झाले, अशाने प्लेटवर सल्फेट धरते आणि मग दुकानदार म्हणतो तसे खरेच होते. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा) आणा, स्वस्त असतो. सहाही सेल तपासा. पूर्ण भरलेली ट्यूबलर साधारण १.२४० दाखवते. सगळे सारखेच खाली असतील तर बॅटरी फक्त उपाशी आहे, एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर मात्र आशा सोडा.

दुसरे म्हणजे तुम्ही पॅनल पत्र्यावर आडवे टाकले आहे! एप्रिल-मेचा आपल्याकडचा पत्रा, हात ठेवून बघा. पॅनलची पॉवर २५ अंशांवर मोजलेली असते, सेल तापला की दर अंशाला साधारण ०.४ टक्का कमी होते. ६५ अंशांना सेल गेला की सोळा टक्के तिथेच गेले. लोकांना वाटते सोलापूरचे ऊन म्हणजे सोलरची चंगळ, पण पॅनलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. माझे तर डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, दुपारी बाराचे आकडे मेपेक्षा चांगले दिसतात. खालून वारा खेळेल असे वीतभर तरी उचला. तोंड दक्षिणेला आणि कल १७-१८ अंश, आपले अक्षांशच तेवढे आहेत.

रिवाइंडिंगवाला:
मास्तर बरोबर. आणि ती तार काढा आधी. वळवाचं वारं सुटलं की वीस-बावीस किलोचं पॅनल पत्र्यासकट शेजारच्या अंगणात जाईल. अँगलचं स्टँड करून पत्र्याखालच्या पाइपला हुक बोल्टनं आवळा, नुसत्या पत्र्याला नाही.

विजापूर_रोड:
मग सोपं काम सांगतो, एमपीपीटीचे पैसे वाचवा. अजून एक १५० ची बॅटरी घ्या, सिरीजमधी लावून २४ व्होल्ट करा. हाच कंट्रोलर १२/२४ ऑटो असणार. ७२ सेलचं पॅनल २४ लाच बनवलेलं असतंय.

रिवाइंडिंगवाला:
आयडिया चुकीची नाही, तापल्यावर पण पॅनल ३१-३२ व्होल्ट देतंय आणि २४ च्या बॅटरीला २८.८ लागतेत, म्हणजे बसतंय. पण जुनी आणि नवी बॅटरी सिरीजमधी घालायची नसते, जुनी आधी भरती, आधी रिकामी होती, नवीला पण घेऊन बुडती. आणि घरचा इन्व्हर्टर १२ चा, तो पण बदला. पैसे वाचले कुठं?

बाळीवेसकर:
आज सुट्टी होती, सगळं मोजलं. चार्जिंग चालू असताना कंट्रोलरच्या पॅनल स्क्रूवर १३.४, बॅटरीवर १३.१. वर पत्र्यावर जाऊन पॅनलच्या वायरीवर बघितलं तर १६.३. म्हणजे तुम्ही म्हणालात तसे तीन व्होल्ट वायरीत, आणि कंट्रोलर सरळसरळ पीडब्ल्यूएम. दुकानात नेऊन दाखवलं तर म्हणतो "सगळे असेच येतेत". बिल नाही त्यामुळं परत घेईना. बॅटरीचे सहाही सेल १.१८० ते १.१९० च्या मधी. शिवाय साडेतीननंतर शेजारच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर येते, तिचं फार नुकसान होतं का?

मालदांडी_मास्तर:
सेल सारखे आहेत, उत्तम. बॅटरी वाचली. डिस्टिल्ड वॉटरची लेव्हल बघा, बोअरचे पाणी चुकूनही घालू नका. पॅनल धुवायलाही बोअरचे नको, पांढरे क्षार बसतात ते निघत नाहीत. (नळाला पाणी आले त्या दिवशी पहाटे धुवा, आणि सोलापुरात ते कधी येईल हे महापालिकेलाच ठाऊक!) तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

रिवाइंडिंगवाला:
सावलीचं: पॅनलमधी तीन भाग असतेत, प्रत्येकाला बायपास डायोड, म्हणजे झाकलेला भाग वगळून करंट पुढं नेणारा. कोपरा झाकला तर तो एक भाग जातो, तिसरा हिस्सा धर. साडेतीननंतर तसंही ऊन उतरतंय, जमलं तर पॅनल तीन-चार फूट सरकव, नाहीतर सोडून दे.

आता पैशाचं. माझं ऐकशील तर पहिल्यांदा फॅन बदल, कंट्रोलर नंतर. हिशोब बघ, साधे दोन फॅन दीडशे वॅट, बल्ब २७, वायफाय १०, इन्व्हर्टरचं खाणं धरून बॅटरीतनं १८ अँपियर. दिवसाला ८ अँपियरनं साडेपाच तास धरले तर ४४ एएच, तूट वजा जाता ३७. दोन तासात संपणारच, तू ८ ते १० म्हणालास ते बरोबर जुळतंय. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) फॅन ३० वॅटचे टाकले की ओढ निम्म्यावर, साडेनऊ अँपियर. हीच बॅटरी, हाच कंट्रोलर, मध्यरात्रीपर्यंत जाशील. मग पुढच्या महिन्यात खरा एमपीपीटी घे, दुपारी १८-१९ अँपियर यायला पाहिजेत, तेव्हा रात्रभर निघंल. घेताना त्याची पॅनल व्होल्टची लिमिट बघ, ५० वाला घेऊ नको, थंडीत सकाळी तुझं ४६ चं ओपन व्होल्ट ४७-४८ ला जातंय, फार काठावर. ६० च्या वरचा घे, १०० चा मिळाला तर अजून चांगलं. कंट्रोलर खाली बॅटरीजवळच ठेव. बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज टाक, आणि पॅनलच्या लाइनला घरचा एसी एमसीबी लावू नको, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही.

गच्चीवरची_ताई:
जोडताना आधी बॅटरी मग पॅनल ना? आमच्या भावाने उलटं केलं, कंट्रोलर गेला.

रिवाइंडिंगवाला:
हो ताई. जोडताना आधी बॅटरी, काढताना आधी पॅनल.

बाळीवेसकर:
पटलं. फॅन या आठवड्यातच आणतो, घरच्यांना पण ते दिसेल, कंट्रोलर काय कुणाला दिसत नाही. एक विचारायचं राहिलं, शेजारचे अण्णा विचारायलेत की अशी दोन-चार पॅनल टाकून त्यांचा एक यंत्रमाग चालंल का, एक एचपीची मोटर आहे.

रिवाइंडिंगवाला:
अण्णांना म्हणावं रोज तसल्याच मोटरी वाइंड करतो मी. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण चालू होताना करंट पाच-सहा पट ओढती, घरचा इन्व्हर्टर तिथंच आडवा. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावून पॅनलवर डायरेक्ट चालवता येतं, शेतातले सोलर पंप तसेच चालतेत, पण ढग आला की पंपाला फरक पडत नाही, पाणी थोडं कमी येतं एवढंच. मागाचा वेग कमी-जास्त झाला तर धोटा अडकंल आणि चादरीत दोष दिसंल. त्यांना ताईंचंच बरोबर आहे, ग्रिडवालं (लाइटीच्या लाइनला जोडलेलं) घ्या म्हणावं, फक्त कनेक्शन घरगुती नसंल तर ती ७८ हजारवाली सबसिडी मिळणार नाही, हे आधीच सांग नाहीतर तुझ्या नावानं बोंब मारतील.