प्रत्यर्पणाला उशीर झाला तर आरोपी सुटतो का?

मुसाफिर०७: लॉचं दुसरं वर्ष चालू आहे, परवा कॅन्टीनमध्ये यावरून जाम वाद झाला म्हणून विचारतोय. एका देशाने दुसऱ्याकडे आरोपी मागितला आणि कागदपत्रं वेळेत पाठवलीच नाहीत, किंवा मुळात मागणीच पंधरा वर्षांनी केली, तर काय होतं? मित्र म्हणतो ६० दिवस उलटले की विषय संपला. मला पटत नाहीये, पण करारात ६० दिवस लिहिलेत हेही खरंय.

काळाकोट: मित्राने खिचडी केलीये. ते ६० दिवस तात्पुरत्या अटकेचे. म्हणजे आरोपी पळेल अशी भीती असली की पूर्ण फाईल यायच्या आधीच नुसत्या विनंतीवर त्याला आत घेतात आणि मग मागणाऱ्या देशाने मुदतीत रीतसर मागणी नि कागद पोचवायचे. भारत-ब्रिटन (१९९२) आणि भारत-अमेरिका (१९९७) करारांत ६० दिवस, युरोपच्या १९५७ च्या कन्व्हेन्शनमध्ये १८, फार तर ४०. नाही पोचले तर माणूस बाहेर येतो, पण मागणी मरत नाही, कागद आले की पुन्हा उचलता येतं. आणि १८ दिवसांत भाषांतर, सह्या, शिक्के सगळं करायचं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच विचारा.

मुसाफिर०७: ओके. आणि पंधरा वर्षांचं?

जुनी_फाईल: तिथे दोन वेगळे मुद्दे येतात. एक म्हणजे लिमिटेशन, म्हणजे खटला भरायची कायद्यातली मुदत, गुन्हाच मुदतबाह्य झाला असेल तर प्रत्यर्पण नाही. कुणाच्या कायद्याने मुदतबाह्य ते करार बघून ठरतं, १९५७ च्या कन्व्हेन्शनमध्ये दोन्हीपैकी कुठल्याही देशाच्या कायद्याने संपली असेल तरी मागणी अडते. दुसरा मुद्दा ब्रिटनच्या कायद्यातला, इतका काळ गेलाय की आता पाठवणं अन्यायाचं किंवा जुलमाचं होईल का. यावर काकिस विरुद्ध सायप्रस (१९७८) वाचच. १९७३ च्या खुनाचा आरोप, हा गडी पंधरा महिने डोंगरात लपलेला, नंतर राजकारण पालटलं, तो इंग्लंडला येऊन स्थायिक झाला, आता आपल्याला कोणी विचारणार नाही असं त्याने धरलं तर त्यात वावगं नव्हतं, आणि त्याचा अ‍ॅलिबीचा (म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो दुसरीकडे होता असं सांगणारा) साक्षीदारही सायप्रस सोडून आलेला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, त्याला सोडलं. पण त्याच निकालात न्यायाधीश लॉर्ड डिप्लॉक यांनी बजावून ठेवलंय की स्वतः पळून लपून जो उशीर झाला तो आरोपीला ढाल म्हणून वापरता येत नाही. म्हणजे वर्षं मोजत बसू नकोस, उशीर कुणामुळे झाला ते बघ.

मुसाफिर०७: मग कोर्टात अपिलांवर अपिलं करून काढलेली वर्षं?

काळाकोट: त्याचा फायदा सहसा मिळत नाही. २६/११ च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला भारताच्या विनंतीवरून अमेरिकेत जून २०२० मध्ये पकडलं, ताबा मिळाला एप्रिल २०२५ मध्ये. मधला बराच काळ त्याच्याच याचिकांचा. उलट सगळं संपल्यावर न्यायला यायला उशीर केला तर मात्र मागणाऱ्या देशाला महागात पडू शकतं, अमेरिकेत दोन महिन्यांत नेलं नाही आणि तसं सबळ कारणही नसेल तर जज सोडू शकतो. आपल्या १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्यातही दोन महिनेच आहेत, तिथे अर्ज हायकोर्टात. मित्राला हे सांगू नकोस, तो लगेच ६० दिवस म्हणजे दोन महिनेच की म्हणून परत सुरू होईल.