‘फ्रँक’ म्हणजे स्पष्टवक्ता की फटकळ?

रानवाट: ‘मी फार फ्रँक आहे हं’ असं कुणी म्हटलं की पुढचं वाक्य बोचणारंच येतं. किती जाड झालीस, पोराला मार्क कमीच पडले, सगळं त्या एका शब्दावर खपतं. समोरच्याला काय वाटेल याची फिकीर न करणाऱ्यासाठी इंग्रजीत ‘ब्लंट’ आहे. ‘फ्रँक’ म्हणजे मनातलं न लपवणारा. आपण तो चुकीचा वापरून फटकळपणाला मान मिळवून देतोय.

पाणकणीस: असहमत. ‘टू बी फ्रँक’ म्हटल्यावर इंग्रजांकडेही नावडतं मतच येतं. दोन देशांच्या बोलण्यांनंतर चर्चा ‘फ्रँक’ झाली असं निवेदन निघालं की मतभेद झाले हे पत्रकार ओळखतात. कडवटपणा शब्दात मुरलेलाच आहे, दोष आपल्याच माथी का?

रानवाट: मतभेद मांडणं वेगळं, अपमान करणं वेगळं. त्या निवेदनात ‘ब्लंट’ का लिहीत नाहीत, याचाही विचार करा.

उंबरठा: तुम्ही दोघंही शब्दच तपासताय, बोलणारा कोण हे बघत नाही. फ्रँक ही जर्मानिक टोळी. तिने गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकला. तिथे पुरतं स्वातंत्र्य याच लोकांना, म्हणून ‘फ्रँक’ म्हणजे स्वतंत्र, आणि मनमोकळं बोलणारा हा अर्थ त्यानंतरचा. ऑफिसात आजही तेच चालतं. साहेब बोलले तर फ्रँक, तेच नवीन लागलेल्या पोरीने म्हटलं तर उद्धट. मला राग याचा येतो.

पाणकणीस: राग रास्त आहे, पण शब्द मुळाला बांधलेला राहत नाही. ब्रिटनमध्ये खासदार पाकिटावर सही करून टपाल फुकट धाडत, त्यालाही ‘फ्रँक’ करणंच म्हणत. १८४० मध्ये ती सवलत गेली आणि अर्ध्या औंसापर्यंतचं कुणाचंही पत्र एका पेनीत देशभर जाऊ लागलं. त्या पोरीनेही बोलावं, बोलत राहावं. आपण गप्प बसलो तर हा शब्द साहेबांचाच राहील.

उंबरठा: बोलावं म्हणणं सोपं आहे. अप्रेझल साहेबांच्या हातात, घरभाडं तिच्या डोक्यावर. मीटिंगमध्ये ‘बी फ्रँक’ म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या चुका ऐकून घ्याव्यात, त्याही सगळ्यांसमोर. तोवर मी तरी तिला गप्प राहिल्याबद्दल बोल लावणार नाही.