तीन कार्ब्युरेटरच्या आधी क्रँक बघा
जुन्या फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं आठ सिलिंडरचं इंजिन) पळवायचं तर आधी तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर चढवा, बाकीचं नंतर, असा सल्ला इथल्या चर्चेत कुणीतरी दिला; मला तो पटला नाही. दिसतात झकास, वादच नाही. पण रस्त्यावर चालवायच्या गाडीला जोर लागतो तो कमी आरपीएमला, आणि तो येतो १९४९ ते ५३ च्या मर्क्युरीच्या (फोर्डचाच दुसरा ब्रँड) क्रँकमधून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यातून. फोर्डचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, पावणेचार इंच, मर्क्युरीचा पूर्ण चार. त्यासोबत बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ ५/१६ इंच केला की २३९ घन इंचांचं इंजिन २७६ वर जातं आणि बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही. पिस्टन मात्र त्या स्ट्रोकसाठीचेच घ्या.

आणि पैसे मोजण्याआधी ब्लॉक मॅग्नाफ्लक्स करून घ्या, म्हणजे चुंबक आणि लोखंडी पूड वापरून त्यातल्या भेगा तपासून घ्या. या इंजिनाचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या पोटातूनच, पाण्याला खेटून बाहेर पडतो. प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना तर मिळून एकच वाट. त्यामुळे तापायची खोड जन्माचीच. मी पाहिलेला एक ब्लॉक धुतल्यावर अगदी निर्मळ वाटत होता. पूड टाकली तर व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरपर्यंत बारीक काळी रेघ उमटली. विकणारा म्हणे, ‘एवढं चालतं!’ ब्रेकचा विषय तर कुणी काढलाच नाही. हे इंजिन १९३२ च्या फोर्डमध्ये बसवलं तर तिचे दांड्यांचे ब्रेक या ताकदीपुढे कुचकामी. फोर्डने १९३९ पासून हायड्रॉलिक दिले, ते किरकोळ फेरफार करून जुन्या अ‍ॅक्सलवर बसतात आणि जमान्यालाही शोभतात.