लघवीच्या तपासणीवरून मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याचे निदान होते का?

प्रश्न
माझी आई ५४ वर्षांची आहे. गेली तीन वर्षे लघवीची पिशवी भरत आली की तिच्या ओटीपोटात कळ येते आणि लघवी झाल्यावरच थोडा आराम पडतो. रात्री सहा-सात वेळा उठावे लागते. कल्चरच्या नऊही अहवालांत जंतूंची वाढ नाही, तरी दर वेळी प्रतिजैविकांचा नवा कोर्स दिला गेला. आता डॉक्टरांना ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ची (जंतुसंसर्गाशिवाय मूत्राशय दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराची) शंका आहे. या आजाराचे जैवनिर्देशक (आजाराची खूण ठरणारे पदार्थ) लघवीत सापडतात, असे वाचले. तशी तपासणी करून घ्यावी का? नातेवाईक ‘हे मनाचे खेळ आहेत’ म्हणू लागल्यापासून आईला लेखी पुरावा हवासा झाला आहे.

प्रतिसाद १
ताई, मी पॅथॉलॉजीत काम करते. हे निदान पक्के करणारी लघवीची तपासणी आज नेहमीच्या वापरात नाही. अमेरिकेतील संशोधकांना अशा रुग्णांच्या लघवीत पेशींची वाढ रोखणारा एक घटक आढळला आणि २००४ मध्ये त्याची रचना उलगडली: नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आणि तिला जोडलेली शर्करा. मूत्राशयाच्या अस्तरातील पेशीच तो सोडतात आणि त्यामुळे अस्तराची झीज भरून येत नाही, असा तर्क होता. मात्र तो ओळखण्यासाठी मूत्राशयाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांच्यावर रुग्णाच्या लघवीचा काय परिणाम होतो हे पाहावे लागे. ते आमच्यासारख्या लॅबचे काम नव्हे. चेतातंतूंच्या वाढीशी संबंधित असलेले एक प्रथिनही या आजारात वाढलेले दिसते, पण ते अतिक्रियाशील मूत्राशयातही (अचानक, घाईची लघवी लागण्याच्या विकारातही) वाढते. शिवाय पाणी कमी-जास्त प्यायल्याने लघवी दाट-पातळ होते, म्हणून असे आकडे क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या पदार्थाच्या) प्रमाणात मांडावे लागतात. रुग्णांच्या गटाची सरासरी निरोग्यांपेक्षा वेगळी आली, तरी तेवढ्यावरून एका व्यक्तीचे निदान करता येत नाही. कल्चरचे ते नऊ अहवाल मात्र फेकू नका. जंतुसंसर्ग नाही हे दाखवणारा पुरावा तोच आहे.

प्रतिसाद २
मी स्वतः या आजाराची रुग्ण आहे. दुर्बिणीने तपासले तेव्हा माझ्या मूत्राशयात लालसर चट्टे दिसले. त्यांना ‘हनर लीजन’ म्हणतात, बाल्टिमोरच्या डॉ. हनर यांनी १९१५ मध्ये त्यांचे वर्णन केले होते. सगळ्याच रुग्णांत ते नसतात, पण असतील तर ते जाळता येतात किंवा तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते. माझी कळ त्यानंतर बरीच उतरली. आईंच्या वयात हे चट्टे असण्याची शक्यता तरुण रुग्णांपेक्षा अधिक असते, म्हणून सिस्टोस्कोपीबद्दल, म्हणजे याच दुर्बिणीच्या तपासणीबद्दल, युरोलॉजिस्टना जरूर विचारा. भेटीपूर्वी तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वेळ, मिलिलिटर आणि दुखण्याची तीव्रता वहीत लिहा. माझ्या वहीत दर वेळी ६०-७० मिलिलिटरच भरत होते, आणि ते पान पाहिल्यावर डॉक्टरांनी पुढचा प्रश्नच बदलला.

प्रतिसाद ३
लघवीत रक्त आढळत असेल किंवा धूम्रपानाचा पूर्वेतिहास असेल, तर कर्करोग नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. रक्त किंवा धूम्रपान नाही. सिस्टोस्कोपीबद्दल सोमवारी विचारणार आहे. मापाचे भांडे आजच आणले आणि आईने पहिली नोंद स्वतःच्या हाताने केली आहे.