‘दुर्बिणीतून खडा काढला’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : सासऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘सिस्टोलिथोलॅपॅक्सी’ लिहिलंय. आम्ही ‘दुर्बिणीतून ऑपरेशन झालं’ म्हणतो, तर जो तो विचारतो, पोटाला किती भोकं पाडली? एकही नाही! याला सुटसुटीत मराठी शब्द आहे का? आणि लघवीच्या पिशवीतल्या खड्यालाही मूतखडाच म्हणायचं का?

प्रतिसाद : मूतखडा म्हटलं तर चुकत नाही, पण ऐकणारा किडनीचाच खडा धरून चालतो. म्हणून ‘लघवीच्या पिशवीतला खडा’ असं जागेसकट सांगावं. आयुर्वेदात ‘अश्मरी’ म्हणतात. मूत्रमार्गातल्या खड्यांना तोही सरसकटच लागतो.

आता तो लांबलचक शब्द. तिन्ही तुकडे ग्रीक : सिस्टो म्हणजे पिशवी, लिथो म्हणजे दगड, लॅपॅक्सी म्हणजे रिकामं करणं. यातला शेवटचा तुकडा मला फार मोलाचा वाटतो. 1824 मध्ये पॅरिसला सिव्हिआल या सर्जननी पोट न कापता, मूत्रमार्गातून हत्यार घालून खडा फोडून दाखवला. पण कपच्या आतच राहायच्या, त्या रुग्णाने लघवीवाटे सोसत बाहेर टाकायच्या. 1878 मध्ये अमेरिकेत बिगेलो या सर्जननी फोडणं आणि चुरा धुऊन काढणं एकाच बैठकीत केलं. लॅपॅक्सी ती हीच. नुसतं फोडण्याला लिथोट्रिप्सी म्हणतात.

आजही क्रम तोच आहे. मूत्रमार्गातून दुर्बीण जाते, लेझरने खडा फुटतो, मग दुर्बिणीच्या नळीला रबरी फुगा असलेलं भांडं जोडतात. फुगा दाबला की पाणी पिशवीत जातं, सोडला की चुरा घेऊन परत येतं आणि कपच्या भांड्याच्या तळाशी बसतात. म्हणून मी ‘मूत्रमार्गातून खडा फोडून काढला’ असं म्हणेन. ‘अश्मरीभंजन’ छापायला ठीक, पण त्यात फोडणंच येतं, काढणं येत नाही.

आणखी एक प्रतिसाद : नातेवाइकांचा प्रश्न अगदीच गैर नाही. खडा फार मोठा असेल किंवा रुग्ण लहान मुलगा असेल, तर बेंबीखाली छोटं छिद्र पाडूनही दुर्बीण घालतात. ‘दुर्बिणीतून’ दोन्हीकडे खरंच आहे, त्यामुळे संमतिपत्रावर सही करताना वाट कोणती हे विचारून घ्यावंच. शिवाय खडा झाला कशामुळे? वयस्कर पुरुषांत बहुधा प्रोस्टेट (मूत्रमार्गाभोवतीची ग्रंथी) वाढून पिशवी पुरती रिकामी होत नाही. तो अडथळा तसाच ठेवला तर खडा पुन्हा होऊ शकतो.

प्रश्नकर्ता : कार्डावर शेजारीच ‘टीयूआरपी’ आहे. म्हणजे तो प्रोस्टेटचा अडथळाच काढला का?

प्रतिसाद : हो, मूत्रमार्गाच्याच वाटेने प्रोस्टेटचा अडणारा भाग आतून तासून काढलाय. काही दिवस लघवी लालसर होईल, भरपूर पाणी प्यायला द्या. रक्ताच्या गाठी पडू लागल्या, ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.