जायंट स्टेप्सवर सोलो बसवतोय, बोटं पोचतात पण गाणं होत नाही

कीबोर्ड_इंदिरानगर:
नमस्कार मंडळी. मी नाशिकचाच, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, हळदी, लग्नं, गणपती सगळं चालतं. जॅझचं वेड यूट्यूबवरून लागलं आणि ब्लूज, साधे टू-फाइव्ह-वन (दुसऱ्या आणि पाचव्या सुराच्या कॉर्डवरून पहिल्याच्या कॉर्डवर येणारी चाल) वगैरे आता बऱ्यापैकी जमतात म्हणून सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचं जायंट स्टेप्स हातात घेतलं. १६ बारचंच (चार-चार बीट्सचे खंड) तर आहे म्हटलं. कॉर्ड पाठ आहेत, डावा हात न बघता जातो, पण उजव्या हाताने सोलो सुरू केला की प्रत्येक कॉर्डचं आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक सुटे) वर-खाली, वर-खाली, आणि रेकॉर्ड करून ऐकलं तर नुसता रियाज ऐकतोय असं वाटतं, त्यात गाणं कुठेच नाही. मिनिटाला १२० बीट्सच्या पुढे टेम्पो नेला की मी दुसऱ्या बारमध्ये आणि बॅकिंग ट्रॅक चौथ्या बारमध्ये.
तर विचारायचं असं की कुठली स्केल लावायची, पॅटर्न पाठ करावेत का, आणि आपल्या नाशकात कुणी सोबत बसणारं आहे का, कारण दर वेळी पुण्या-मुंबईला पळणं मला परवडत नाही.

दुसरी_शिफ्ट:
अरे भावा, प्रत्येक कॉर्डला वेगळी स्केल शोधत बसलास तर वेडा होशील. कागदावर कॉर्ड २६ आहेत पण मुक्काम तीनच, बी, जी आणि ईफ्लॅट, बाकी सगळ्या तिथे पोचवणाऱ्या. डी सेव्हन आली की जी येणार, बीफ्लॅट सेव्हन आली की ईफ्लॅट, एफशार्प सेव्हन आली की बी. बस.
आणि सगळे जण पहिल्या बारपासून सुरू करतात तिथेच फसतात. पहिल्या सहा बारमध्ये बहुतेक ठिकाणी दोन-दोन बीट्सला कॉर्ड बदलते आणि मूळच्या रेकॉर्डिंगचा टेम्पो २९० च्या आसपास, म्हणजे एका कॉर्डला अर्धा सेकंदही मिळत नाही. तू आठव्या बारपासून सुरू कर. तिथून पुढे नुसते टू-फाइव्ह-वन आहेत, ईफ्लॅट, मग जी, मग बी, मग परत ईफ्लॅट, आणि मुक्कामाला एकेक अख्खा बार मिळतो, तिथे श्वास घेता येतो. लूप लावून तेवढंच वाजव, ७० वर, मेट्रोनोमची क्लिक बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर ठेवून.
मग पहिले तीन बार घे, पण तिथे सोलो नको, एकच सूर धर. बी, डी सेव्हन, जी या तिन्ही कॉर्डमध्ये एफशार्प आहे. बीचा पाचवा, डीचा तिसरा, जी मेजर सेव्हनचा सातवा. लगेच पुढे जी, बीफ्लॅट सेव्हन, ईफ्लॅट या तिन्हींमध्ये डी. आणि सहाव्या-सातव्या बारला ईफ्लॅट, एफशार्प सेव्हन, बी जाताना बीफ्लॅट. म्हणजे उजव्या हाताचं एकच बोट दाबून ठेवायचं आणि खाली डावा हात बदलत राहायचा. बोट हललं नाही तरी सुराचा रंग बदलतो, तो ऐकू यायला लागला की मगच आजूबाजूचे सूर घे. मी बेसवाला आहे, मला हे असंच सापडलं, पियानोवाल्यांची पद्धत वेगळी असेल तर असो.
हो, आणि ट्रान्सपोजचं (सगळी पट्टी आपोआप सरकवणारं) बटण विसर. तुम्ही ऑर्केस्ट्रावाले सगळं सीमध्ये वाजवून बटण दाबता, इथे ते कामाचं नाही.

पंचवटीकर:
मी भजनाला आणि गाण्याला पेटीची साथ करतो, जॅझ माझा प्रांत नाही, पण मुलीने हे गाणं ऐकवलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.
आमच्या भाषेत सांगायचं तर काळी दोनला सा धरा, मग पांढरी पाच हा शुद्ध गंधार आणि पांढरी सात हा कोमल धैवत. सप्तकाचे तीन सारखे भाग झाले आणि षड्ज या तीन जागी फिरतो. मूर्च्छनेत आपणही सा सरकवतो, पण एवढ्या घाईने कुणी सरकवत नाही. त्यामुळे हातापेक्षा अडचण कानाची असावी असा माझा अंदाज. पेटी बंद ठेवा, कॉर्डचा ट्रॅक अगदी सावकाश लावा आणि ज्या त्या वेळचा सा फक्त गाऊन दाखवा. गळ्याला सापडत नाही तोवर बोटांना सापडून उपयोग नाही.
दुसरी एक गंमत सापडली. १६ बार म्हणजे १६ मात्रा धरून तीनतालाची टाळी द्या. समेवर बी, पाचव्या मात्रेच्या टाळीला जी, नवव्या मात्रेला खालीवर ईफ्लॅट आणि तेराव्याला परत बी. चारही ठिकाणी मुक्कामाचीच कॉर्ड येते. जागा हरवली तर मधलं सगळं सोडून द्यायचं आणि पुढच्या टाळीला गाठायचं, साथीला बसल्यावर आम्ही हेच करतो.
आणि एक आवर्तनाचा सोलो लिहून काढा हो. पलुस्करबुवांचा आश्रम आपल्या नाशकात होता, स्वरलिपी लिहायची सवय त्यांनी लावली, आणि आपणच लिहायचा कंटाळा करतो.

गिटार_गंगापूररोड:
काकांची टाळीची आयडिया भारी आहे, करून बघितली, खरंच बसते.
पण पॅटर्नला उगाच नावं ठेवू नका राव. कोल्ट्रेनचा १९५९ चा तो सोलो हळू करून ऐका, वन-टू-थ्री-फाइव्ह, म्हणजे सा रे ग प, जागोजागी सापडेल. तो माणूस घरी हे घोटून आला होता. उलट त्याच रेकॉर्डिंगमध्ये पियानोवर टॉमी फ्लॅनागन, एवढा मोठा वादक, त्याचा सोलो तुटक तुटक होत शेवटी नुसत्या कॉर्डवर येतो, आणि पुढे १९८२ मध्ये त्यानेच या नावाचा अख्खा अल्बम ट्रिओबरोबर केला, तो ऐका, किती आरामात वाजवलंय. त्यामुळे कीबोर्डवाल्या, तू अडखळतोस याचं एवढं मनावर घेऊ नको.
पॅटर्न पाठ कर पण तसाच ओकू नको. एका कॉर्डला चढ, पुढच्या कॉर्डला प पासून उतर. बीवर बी सीशार्प डीशार्प एफशार्प, मग डीवर ए एफशार्प ई डी. मध्ये एखादी कॉर्ड पूर्ण सोडून दे, काही वाजवू नको. माझं स्पष्ट मत, गाणं तिथून सुरू होतं जिथे तू काय सोडायचं ते ठरवतोस, आणि ते २९० ला जमत नाही, म्हणून आधी बॅलडसारखं वाजव, बोसानोव्हासारखं वाजव. सहा महिने फक्त हेच एक घेऊन बसू नको मात्र, सोबत स्टँडर्ड्स (जॅझवाले सगळे वाजवतात ती नेहमीची गाणी) चालू ठेव, नाहीतर बाकीचं सगळं विसरशील.

कीबोर्ड_इंदिरानगर:
काय लिहिलंय यार सगळ्यांनी. काका, ट्रान्सपोजवर आयुष्य गेल्याने सा गायला गेलो तर खरंच जीवर अडकलो, रोज करतो आता. बेसवाले भाऊ, एकच शंका, चौथ्या बारला ए मायनर सेव्हनवर एफशार्प धरला तर विचित्र लागतो, तिथे काय करायचं?

दुसरी_शिफ्ट:
लागणारच, तो तिच्या कॉर्डमधला सूर नाही. तिथे सी दाब, डी सेव्हनला तोच सी ठेव आणि जीला अर्धा सूर उतरून बीवर ये. एफ मायनरला एफ्लॅट, पुढे ईफ्लॅटला जीवर उतर. सीशार्प मायनरला ई, पुढे बीला डीशार्पवर. तिन्हीकडे चाल एकच आहे, एकदा हाताला लागली की विचार करावा लागत नाही.

दुसरी_शिफ्ट:
ए फ्लॅट म्हणायचंय वर, टायपिंग गंडलं.
आणि सोबतीचं म्हणशील तर मी अंबडला कंपनीत आहे, पुढच्या आठवड्यात पहिली शिफ्ट, संध्याकाळी मोकळाच. बेस आणि छोटा अ‍ॅम्प मी घेऊन येतो, ८० च्या वर जायचं नाही या अटीवर. शेजाऱ्यांचं तेवढं तू बघ.